क्लबाची निष्ठा आणि फिर्यादीचा शब्द

फुटबॉलच्या मैदानावर एका खेळाडूने दुसऱ्याला त्याच्या वर्णावरून अथवा वंशावरून हिणवले अशी तक्रार उभी राहते, तेव्हा किती सामन्यांची बंदी झाली आणि किती हजार पौंडांचा दंड बसला एवढ्याच गोष्टीची वर्तमानपत्रांतून चर्चा होते. परंतु तक्रार नोंदली गेल्यापासून निकाल लागेपर्यंतच्या मधल्या आठवड्यांत आणि निकालानंतरच्या महिन्यांत आरोपीच्या क्लबाचे वर्तन कसे होते, याची झडती सहसा कोणी घेत नाही. या प्रकरणांतील सर्वांत मोठा अन्याय बहुधा याच काळात घडतो, आणि तो करणारी संस्था शिक्षेच्या कक्षेबाहेरच राहते, असे माझे मत आहे.

१५ ऑक्टोबर २०११ रोजी लिव्हरपूल आणि मँचेस्टर युनायटेड या इंग्लंडमधील दोन जुन्या प्रतिस्पर्धी संघांचा सामना अ‍ॅनफिल्डवर झाला आणि १–१ असा बरोबरीत सुटला. लिव्हरपूलच्या आघाडीला उरुग्वेचा लुईस सुआरेझ खेळत होता. युनायटेडचे त्या दिवसाचे कर्णधारपद सेनेगलमधील डाकार येथे जन्मलेल्या पॅट्रिस एव्ह्रा या फ्रेंच बचावपटूकडे होते. उत्तरार्धात एका कॉर्नरच्या वेळी गोलसमोर दोघांत स्पॅनिशमधून जी बोलाचाली झाली, तीत सुआरेझने आपल्या वर्णाचा पुनःपुन्हा उल्लेख करून आपला अपमान केला, ही गोष्ट एव्ह्राने सामना चालू असतानाच पंच आंद्रे मॅरिनर यांच्या कानावर घातली आणि सामना संपताच व्यवस्थापक अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांच्यासह पंचांच्या खोलीत जाऊन रीतसर तक्रार गुदरली. फुटबॉल असोसिएशनने १६ नोव्हेंबरला आरोप ठेवला. पॉल गोल्डिंग या नामांकित बॅरिस्टरांच्या अध्यक्षतेखालील त्रिसदस्य आयोगापुढे डिसेंबरच्या मध्यावर सुनावणी झाली. २० डिसेंबरला ८ सामन्यांची बंदी आणि ४०,००० पौंड दंड असा निकाल जाहीर झाला. आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशी त्या निकालाची ११५ पानांची कारणमीमांसा सर्वांना वाचण्यासाठी खुली करण्यात आली.

हे निकालपत्र ज्याने वाचले असेल, त्याला क्रीडासंस्थांच्या शिस्तपालन मंडळांविषयी सामान्यतः वाटणारा अविश्वास निदान या एका प्रकरणापुरता बाजूला ठेवावा लागेल. दोन्ही पक्षांचे जबाब, निरनिराळ्या कोनांतून घेतलेले चित्रण आणि सामन्यानंतर लगेच कोण कोणाशी काय बोलले याचे दाखले आयोगाने बारकाईने तपासले. दक्षिण अमेरिकेतील स्पॅनिशमध्ये वर्णवाचक संबोधन कोणत्या प्रसंगी सलगीचे ठरते आणि कोणत्या प्रसंगी अवमानाचे, याविषयी मँचेस्टर विद्यापीठातील दोन अभ्यासकांचे मत घेतले. आणि भांडण पेटलेले असताना, प्रतिपक्षाच्या हाताचा चिमटा घेत, उच्चारलेले ते संबोधन सलगीचे असू शकत नाही असा निष्कर्ष काढला. तो चिमटा तंटा शमविण्यासाठी होता असे सुआरेझचे म्हणणे. ते चित्रणाशी जुळत नव्हते. सामना संपल्यावर सुआरेझने आपल्याच क्लबाचे अधिकारी दामियाँ कोमोली यांना स्पॅनिशमध्ये आणि सहकारी डर्क काउट याला डच भाषेत जे सांगितले, आणि त्या दोघांनी पुढे जे सांगितले, तेही त्याच्या पुढच्या जबाबाशी विसंगत निघाले. एव्ह्राची बाजूही आयोगाने डोळे झाकून स्वीकारली नाही: बोलाचालीचा प्रारंभ त्यानेच शिवीने केला होता हे नोंदले, एका फ्रेंच दूरचित्रवाणी वाहिनीला त्याने सांगितलेला आकडा अतिशयोक्त होता याचाही विचार केला, आणि शेवटी तो शब्द सात वेळा उच्चारला गेला एवढेच सिद्ध धरले. सुआरेझ हा मनाने वर्णद्वेष्टा आहे असे आयोगाने म्हटले नाही. असोसिएशनचाही तसा दावा नव्हता. माणसाच्या अंतःकरणाचा निवाडा करण्याच्या मोहात न पडता त्याच्या एका विशिष्ट कृत्याचा निवाडा करणे, हे ज्याला न्याय म्हणतात त्याचे पहिले लक्षण आहे, आणि ते येथे कसोशीने पाळले गेले.

आता क्लबाने काय केले ते पाहा. निकाल जाहीर झाला त्याच संध्याकाळी, म्हणजे कारणमीमांसा कोणाच्याही हाती पडण्यापूर्वी अकरा दिवस, लिव्हरपूलने एक निवेदन काढून एव्ह्राच्या विश्वासार्हतेवर शंका घेतली, त्याचे शब्द मैदानावर दुसऱ्या कोणीही ऐकले नाहीत याकडे बोट दाखविले, आणि असोसिएशनने आरोप ठेवण्याचे आधीच ठरविले होते असे सूचित केले. दुसऱ्या दिवशी विगन येथील सामन्यापूर्वी सरावासाठी मैदानावर उतरताना संघातील खेळाडूंनी सुआरेझचे चित्र आणि नाव असलेले सदरे अंगात घातले होते, आणि व्यवस्थापक केनी डॅल्ग्लिश यांनी त्या कृत्याचे उघड समर्थन केले. ३ जानेवारीला क्लबाने अपील न करण्याचा निर्णय जाहीर केला. म्हणजे निकालाविरुद्ध दाद मागण्याचा जो सनदशीर मार्ग उपलब्ध होता तो सोडून दिला, परंतु निकाल चुकीचा असल्याचे म्हणणे मात्र कायम ठेवले. २८ जानेवारीला एफ. ए. कपच्या सामन्यासाठी एव्ह्रा अ‍ॅनफिल्डवर आला, तेव्हा चेंडू त्याच्या पायाशी येताच गॅलऱ्यांतून त्याची हुर्यो होत राहिली. ११ फेब्रुवारीला ओल्ड ट्रॅफर्डवर सुआरेझने एव्ह्राशी हस्तांदोलन टाळले; त्यावर एवढा गहजब झाला की दुसऱ्या दिवशी सुआरेझ, डॅल्ग्लिश आणि क्लबाचे व्यवस्थापकीय संचालक इयान एअर या तिघांनाही क्षमायाचना करावी लागली. ती हस्तांदोलन न केल्याबद्दल होती. ज्या शब्दांमुळे हे सारे घडले त्यांबद्दल, आणि त्या शब्दांची तक्रार करणाऱ्याला लबाड ठरविण्याच्या खटाटोपाबद्दल, त्या दिवशी कोणी अक्षर काढले नाही.

एव्ह्राला धमक्या आल्या आणि घरापुढे पहारा ठेवावा लागला, हे त्याने पुढे स्वतःच सांगितले आहे. जेमी कॅरागर या लिव्हरपूलच्या तत्कालीन ज्येष्ठ खेळाडूने २०१९ साली दूरचित्रवाणीवर, एव्ह्रा समोर बसलेला असताना, ते सदरे घालणे ही आमची मोठी चूक होती असे मोकळेपणाने कबूल केले, आणि त्यानंतर क्लबाच्या मुख्याधिकाऱ्याचेही क्षमेचे पत्र आपल्याला आल्याचे एव्ह्राने सांगितले. कॅरागरच्या या कबुलीबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पण तिला आठ वर्षे लागली, आणि त्या आठ वर्षांत शिक्षा झालेला खेळाडू बार्सिलोनात जाऊन कीर्तीच्या शिखरावर पोहोचला होता, तर तक्रार करणाऱ्याला अनेकांच्या लेखी खोटे कुभांड रचणारा म्हणूनच वावरावे लागले होते.

क्लब असे का वागतात, याचा विचार त्यांच्यावर कोरडे ओढण्यापूर्वी केला पाहिजे. आपल्या मुलाविरुद्ध शेजाऱ्याने गाऱ्हाणे आणले असता त्याच्यापुढे मुलाची पाठराखण करण्याची आईबापांची जी प्रवृत्ती, तिच्यासारखे काही त्यात खरोखरच असते. ज्याच्याबरोबर रोज घाम गाळला त्याच्याविषयी वाईट ऐकून घ्यायला मन धजत नाही, आणि ही भावना मला तिरस्करणीय वाटत नाही. परंतु तिच्या शेजारीच दुसरा एक हिशेब असतो. दोन कोटींहून अधिक पौंड मोजून आणलेला खेळाडू ही क्लबाची मालमत्ता असते. तो आठ सामने बाहेर बसला तर गुणतक्त्यावरचे स्थान जाते, त्याच्याबरोबर युरोपीय स्पर्धांतील प्रवेश आणि तेथील उत्पन्न जाते. आणि क्लबाने त्याची बाजू घेतली नाही तर तो खेळाडू दुसरीकडे जाण्याच्या गोष्टी बोलू लागतो. शिवाय प्रेक्षकांचा जमाव हा व्यवस्थापकाच्या शब्दाची वाटच पाहत असतो. व्यवस्थापकाने एकदा सुचविले की तक्रारदार खोटा आहे, की चाळीस हजार कंठांना ती परवानगी वाटते.

लिव्हरपूलचे प्रकरण एकटे असते तर त्यावर एवढे लिहिण्याचे कारण नव्हते. अ‍ॅनफिल्डवरच्या त्या सामन्यानंतर आठच दिवसांनी, २३ ऑक्टोबर २०११ रोजी, लंडनमधील लॉफ्टस रोड मैदानावर चेल्सीचा आणि इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचा कर्णधार जॉन टेरी याने क्वीन्स पार्क रेंजर्सच्या अँटन फर्डिनंडला उद्देशून वर्णवाचक अपशब्द उच्चारले. शब्द उच्चारल्याचे टेरीला मान्य होते. आपल्यावर जो आरोप होत आहे असे वाटले तोच आपण उपरोधाने परत उच्चारून नाकारीत होतो, असा त्याचा बचाव होता. हे प्रकरण पोलिसांत गेले. खटला युरोपीय राष्ट्रांच्या स्पर्धेनंतरच्या जुलैपर्यंत तहकूब झाला, आणि १३ जुलै २०१२ रोजी वेस्टमिन्स्टरच्या दंडाधिकाऱ्यांनी संशयाचा फायदा देऊन टेरीला निर्दोष सोडले. त्यानंतर असोसिएशनने स्वतंत्र चौकशी केली. तिच्या आयोगाने टेरीचा बचाव अविश्वसनीय ठरवून सप्टेंबरमध्ये त्याच्यावर ४ सामन्यांची बंदी आणि २,२०,००० पौंडांचा दंड लादला. चेल्सीने आपणही शिस्तभंगाची कारवाई केल्याचे सांगितले, परंतु तिचे स्वरूप जाहीर केले नाही, आणि क्लबाचे कर्णधारपद टेरीकडेच ठेवले. अँटन फर्डिनंडला त्या काळात टपालाने बंदुकीची गोळी आली. त्याने या साऱ्याविषयी सविस्तर बोलायला २०२० साल उजाडावे लागले, आणि तेव्हा त्याने केलेला अनुबोधपट पाहताना या माणसाच्या खेळाचा आणि कौटुंबिक सुखाचा केवढा भाग त्या एका दुपारने खाऊन टाकला हे ध्यानात येते.

एकाच कृत्यावर दोन ठिकाणी दोन निकाल लागल्यामुळे पुष्कळांच्या मनात गोंधळ झाला. त्याचा उलगडा कायद्याच्या सामान्य ज्ञानाने होतो. फौजदारी खटल्यात वाजवी संशयापलीकडे शाबिती लागते, कारण तेथे माणसाचे स्वातंत्र्य पणाला लागलेले असते. शिस्तपालनाच्या चौकशीत दिवाणी दाव्याप्रमाणे कोणती हकीकत अधिक संभवनीय एवढेच पाहिले जाते, कारण तेथे फार तर खेळण्याची मुभा काही काळ काढून घेतली जाते वा दंड बसतो. तरीही क्लब या भेदाचा सोयीस्कर उपयोग करतात. फेब्रुवारी २०२० मध्ये लीड्सचा गोलरक्षक किको कासिया याला चार्ल्टनच्या जोनाथन लेको याला वंशावरून हिणविल्याबद्दल ८ सामन्यांची बंदी झाली, तेव्हा त्याच्या क्लबाने काढलेल्या निवेदनात, निकाल वाजवी संशयापलीकडच्या पुराव्यावर नव्हे तर केवळ संभवनीयतेवर आधारलेला आहे, हे आवर्जून सांगितले होते. त्या वाक्यात चुकीचे काही नव्हते. पण ज्या नियमांना आपण सभासद म्हणून मान्यता दिली, त्यांच्याच आधारे झालेला निकाल कमअस्सल आहे असा संशय चाहत्यांच्या मनात पेरण्यासाठी ते लिहिले गेले होते, हे कोणालाही कळण्यासारखे होते.

फिर्यादीचा शब्द हाच पुरावा मानावा, असे माझे म्हणणे मुळीच नाही. चेल्सीनेच ऑक्टोबर २०१२ मध्ये पंच मार्क क्लॅटनबर्ग यांच्याविरुद्ध, त्यांनी मिकेल या नायजेरियन खेळाडूला वर्णवाचक शब्द वापरला अशी तक्रार केली होती. मिकेलने स्वतः तो शब्द ऐकला नव्हता; रामिरेस या त्याच्या ब्राझीलियन सहकाऱ्याला तो ऐकू आल्यासारखा वाटला होता. असोसिएशनने चौकशीअंती क्लॅटनबर्ग यांना पूर्णपणे दोषमुक्त केले, तक्रार मात्र सद्हेतूने केलेली होती असेही म्हटले; तोवर त्या पंचांना जवळजवळ महिनाभर मैदानाबाहेर बसावे लागले होते. मार्च २०२४ मध्ये इटलीत नापोलीच्या जुआन जेझुस याने इंटरच्या फ्रांचेस्को आचेर्बी याच्याविरुद्ध तक्रार केली. तेथील क्रीडा न्यायाधीशांनी, जेझुसला झालेला अपमानाचा बोध प्रामाणिक आहे परंतु उच्चारलेल्या शब्दांचे वंशवाचक स्वरूप सिद्ध होत नाही, असे म्हणून आचेर्बीला मोकळे केले. नापोलीने त्याचा निषेध म्हणून लीगच्या वर्णद्वेषविरोधी मोहिमेतून अंग काढून घेतले. त्यांचा संताप मी समजू शकतो. परंतु पुरावा अपुरा असताना शिक्षा देणे हेही शेवटी पीडितांच्याच विरुद्ध जाते, कारण अशा एका निकालाचा दाखला पुढच्या दहा खऱ्या तक्रारी फेटाळायला वापरला जातो. म्हणूनच अ‍ॅनफिल्डच्या प्रकरणातील ती ११५ पाने मला मोलाची वाटतात. कारणे उघडपणे मांडलेला निकाल फिर्यादीचे जसे रक्षण करतो तसेच आरोपीचेही करतो.

मराठी वाचकाला हे सारे दूरदेशीचे वाटू नये म्हणून, आणि आपण स्वतः या कसोटीवर कसे उतरलो याची आठवण ठेवावी म्हणूनही, क्रिकेटमधील एक प्रसंग येथे सांगणे मला कर्तव्य वाटते. ऑक्टोबर २००७ मध्ये मुंबईच्या वानखेडे स्टेडियमवर ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्ससमोर काही प्रेक्षकांनी माकडचेष्टा केल्या. त्यांची छायाचित्रे जगभर छापली गेली आणि पोलिसांनी काहींना ताब्यात घेतले. तीनच महिन्यांनी सिडनीच्या कसोटीत हरभजनसिंगने त्याच सायमंड्सला माकड म्हटले अशी तक्रार झाली. सामनाधिकारी माइक प्रॉक्टर यांनी हरभजनवर ३ कसोटींची बंदी घातली, आणि आपल्या क्रिकेट मंडळाने, ज्याचे अध्यक्षपद त्या वेळी शरद पवार यांच्याकडे होते, संपूर्ण दौऱ्याचेच भवितव्य टांगणीला लावले. अपिलात नागपूरचे प्रख्यात कायदेपंडित व्ही. आर. मनोहर यांनी हरभजनची बाजू मांडली, सचिन तेंडुलकरची साक्ष झाली, आणि न्यूझीलंडचे न्यायमूर्ती जॉन हॅन्सन यांनी वंशवाचक शब्दाचा आरोप सिद्ध होत नाही असे ठरवून, केवळ शिवीगाळीबद्दल सामन्याच्या मानधनाच्या निम्म्या रकमेचा दंड केला.

अपील करणे हा मंडळाचा हक्क होता आणि ते सनदशीर मार्गाने जिंकले गेले. लिव्हरपूलने सोडून दिलेला मार्ग आपण अनुसरला, एवढे श्रेय आपले आपण घ्यावे. परंतु अपिलाचा निकाल लागण्यापूर्वीच दौरा मोडण्याची भाषा करणे म्हणजे न्यायाधीशाच्या पारड्यात पैशाचे वजन टाकणे होते. आणि त्या दिवसांत आपल्याकडच्या सभा-संभाषणांतून सायमंड्स हा माणूस, जो तीन महिन्यांपूर्वी आपल्याच शहरात त्याच अपमानाचा विषय झाला होता, किती सहज खोटारडा ठरविला गेला! त्याने पुढे अनेकदा सांगितले की त्या प्रकरणानंतर त्याचे मन खेळातून उडत गेले. २०२२ साली तो अपघातात गेला. आरोप सिद्ध झाला नाही, याचा अर्थ तक्रार लबाडीची होती असा होत नाही, हा भेद आपण तेव्हा केला नाही.

गेल्या दशकात नियम पुष्कळ कडक झाले आहेत, यात शंका नाही. युरोपीय फुटबॉल संघटनेने २०१३ पासून अशा गुन्ह्याला किमान १० सामन्यांची बंदी ठरविली. इंग्लंडने त्याच वर्षी किमान ५ आणि पुढे किमान ६ सामन्यांची शिक्षा निश्चित केली. स्लाविया प्रागच्या ओंद्रेय कुडेला याने मार्च २०२१ मध्ये तोंडावर हात धरून स्कॉटलंडमधील रेंजर्सच्या ग्लेन कमारा याच्या कानात जे सांगितले, त्याबद्दल त्याला १० सामने गमवावे लागले. मात्र क्लबांच्या वर्तनाला हे नियम जवळजवळ स्पर्श करीत नाहीत. रॉड्रिगो बेंटानकुर याने आपल्याच क्लबातील कोरियन सहकारी सन ह्युंग-मिन याच्याविषयी, तिकडचे सारे सारखेच दिसतात, अशा अर्थाचे विधान उरुग्वेच्या दूरचित्रवाणीवर केले. नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याला ७ सामन्यांची बंदी आणि १,००,००० पौंडांचा दंड झाला; आणि टॉटनहॅमने, ज्याचा कर्णधार खुद्द सनच होता, शिक्षा कमी व्हावी म्हणून अपील केले, जे फेटाळले गेले. त्याच वर्षी जुलैत कोपा अमेरिका जिंकल्यावर अर्जेंटिनाच्या खेळाडूंनी फ्रान्सच्या कृष्णवर्णीय खेळाडूंविषयी गायलेले गाणे एन्झो फर्नांडेझच्या प्रक्षेपणातून जगापुढे आले. चेल्सीतील त्याचा फ्रेंच सहकारी वेस्ली फोफाना याने त्याला उघडपणे वर्णद्वेष म्हटले. क्लबाने अंतर्गत कारवाई सुरू केल्याचे जाहीर केले, क्षमायाचना आणि देणगी यांवर प्रकरण मिटविले, आणि नव्या हंगामाच्या प्रारंभी, नेहमीचा कर्णधार जायबंदी असताना, कर्णधाराची दंडावरची पट्टी त्याच फर्नांडेझला दिली. ज्या संघातील सहकाऱ्यांच्या आईबापांच्या जन्मभूमीची त्या गाण्यात टवाळी होती, त्याच संघाचे नेतृत्व तो करीत होता.

तेव्हा दुरुस्ती कोठे हवी आहे ते स्पष्ट आहे. आरोपी खेळाडूला वकील हवा, आणि तो त्याला मिळालाच पाहिजे. परंतु क्लब हा त्याचा वकील नव्हे. तक्रार नोंदल्यापासून कारणांसह निकाल प्रसिद्ध होईपर्यंत क्लबाने, त्याच्या व्यवस्थापकाने आणि खेळाडूंनी तक्रारदाराच्या खरेखोटेपणाविषयी जाहीरपणे काहीही बोलू नये, सदऱ्यावर छापू नये, असा स्पष्ट नियम असावा, आणि तो मोडल्यास क्लबाचे गुण कापले जावेत. दंडाची रक्कम भरणे हे श्रीमंत क्लबांना कधीच जड गेलेले नाही. निकाल जाहीर करणे आणि कारणे देणे यांत अकरा दिवसांचे अंतर राहू नये. दोन्ही एकाच वेळी प्रसिद्ध व्हावीत, म्हणजे अफवांना मधली जागा सापडणार नाही. आरोप सिद्ध झाल्यानंतर तक्रारदार जेव्हा त्या मैदानावर पुन्हा खेळायला येईल, तेव्हा त्याच्या सन्मानाची जबाबदारी यजमान क्लबावर असावी. आणि चेल्सीने केल्या तशा अंतर्गत कारवाया गुप्त ठेवण्याची मुभा या एका गुन्ह्यापुरती काढून घ्यावी.

हे नियम इंग्लंडमध्ये व्हायचे तेव्हा होतील. पण आपल्याकडेही मुंबई सिटी आणि एफ. सी. गोवा यांसारख्या क्लबांत मणिपूर, मिझोराम, मेघालयातून आलेली मुले आणि आफ्रिकेतून आलेले खेळाडू एकाच संघात आणि एकमेकांविरुद्ध खेळतात, आणि ईशान्येकडच्या माणसाला आपल्या शहरांतील रस्त्यांवर कोणत्या नावांनी हाका मारल्या जातात हे आपल्याला माहीत आहे. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने क्लबांना परवाना देताना ज्या अटी घातल्या जातात त्यांत तक्रारकाळातील मौनाची आणि सकारण निकालाची अट आताच घालावी. एखाद्या नावाजलेल्या खेळाडूवर आरोप आल्यानंतर ती घालायला कोणत्याही क्लबाची संमती मिळणार नाही.